कोरी धार

चाकू विकत घेऊन त्याने टोमॅटो कापणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. जगात तीच जास्त आहेत, आणि बहुमताने काय होतं व काय होत नाही, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही. मी मात्र घडीचे चाकू जमवतो आणि त्यांनी काहीही कापत नाही. निपाणीतल्या आमच्या गल्लीत याला छंद म्हणत नाहीत, 'सुकुमारअण्णाचं ते' असं म्हणतात.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीचा सर्व्हे करतो. गोदामाला आग लागली, कारखान्यात पाणी शिरलं की मला बोलावतात. मी जातो, कारण शोधतो, लिहितो आणि परत येतो. हळहळत नाही. ही हकिकतही त्याच पद्धतीने सांगायचा विचार आहे. नुकसान माझंच असल्यामुळे एखाद्या ठिकाणी हळहळ राहून गेली असेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही जैन. घरात चाकू जमवायचे म्हणजे जमवणाऱ्याला दोन परवानग्या लागतात. पहिली बायकोची. अनुराधेने ती दिली, कारण तिच्या मते नवऱ्याने कपाटाजवळ बसावं, चौकात बसू नये. दुसरी शेजारच्या कांताआक्कांची. गल्लीत काय पुण्य आणि काय पाप, याचा शेवटचा निकाल कांताआक्का देतात. चातुर्मासात तर त्यांच्या भीतीने भाजीवालासुद्धा कंदमुळं झाकून नेतो. त्यांनी माझे सगळे चाकू ओळीने मांडायला लावले, प्रत्येकाकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यानं कायबी कापलं न्हाय?"

"काही नाही आक्का. कापलं की त्याची किंमतच जाते."

"मग ऱ्हाऊ देत. पर एकानं जरी काय कापलं, तर तो उंबऱ्याच्या आत न्हाय."

म्हणजे चाकूच्या बाबतीत जगभरचे जाणकार आणि आमच्या कांताआक्का यांचं एकमत होतं. धार कोरी पाहिजे. दोघांची कारणं वेगळी होती, पण संसारात एकमत झाल्यावर कारणं विचारू नयेत.

आता मूळ विषय. साधा घडीचा चाकू म्हणजे दोन पट्ट्या, मध्ये पातं, आणि सगळं धरून ठेवायला स्क्रू. वापरात स्क्रू ढिले होतात, मूठ कुरकुरते, पातं एका अंगाला झुकतं. अखंड मुठीचा चाकू वेगळा. जाणकार त्याला इंटिग्रल म्हणतात. त्याची मूठ धातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेली असते. पातं मिटून आत बसावं म्हणून ठोकळ्याच्या पोटात एक खोल, अरुंद खाच उतरवायची. दोन्ही भिंती सारख्या जाडीच्या ठेवायच्या आणि तळाला ओरखडा दिसू द्यायचा नाही. पातं उघडल्यावर त्याला अडवून धरणारा खटकासुद्धा त्याच मुठीतून कापून काढलेला, बाहेरून आणून बसवलेला नाही. पट्ट्यांच्या चाकूत एक पट्टी बिघडली तर दुसरी करता येते. इथे दुसरी नसतेच; हात चुकला की ठोकळा गेला. म्हणून तो दुर्मिळ, आणि म्हणून जमवणारे त्याच्यासाठी जीव टाकतात. हातात घेतला की बोटांना कुठे सांधा लागत नाही. मिटताना बारीक, भरीव आवाज येतो. तो आवाज मी एकदा दुसऱ्याच्या चाकूचा ऐकला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमचा चाकूवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याचा म्होरक्या कोल्हापूरचा स्वरूप. तो दातांचा डॉक्टर असल्यामुळे समोरच्याने उलटून बोलावं अशी त्याला सवय नाही. त्याने एके दिवशी ग्रुपवर लिहिलं, 'इंटिग्रल तुमच्या भागात होणं नाही. तुमच्या भागात पंप होतात.' ग्रुपमध्ये बाकी सगळे कोल्हापूर-सांगलीचे. 'तुमच्या भागात' म्हणजे बेळगाव, हे मी ओळखलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांशी माझा संबंध तिथल्या नुकसानीपुरता, पण मला ते झोंबलं. मी लिहून टाकलं, 'दसऱ्याच्या मेळाव्याला बेळगावात केलेला इंटिग्रल आणतो. न आणल्यास ग्रुप सोडतो.' त्यावर लगेच अंगठे आले. लोक नक्की कशाला अंगठा दाखवत होते, ते मी विचारलं नाही.

उद्यमबागेत रवळूची शेड आहे. रवळू खानापूरकडचा, व्हॉल्व्हचे भाग करतो. एका पावसाळ्यात त्याच्या शेडमध्ये पाणी शिरलं तेव्हा सर्व्हे मीच केला होता, आणि त्याला वाटत होतं तेवढं नुकसान झालेलं नाही, हे मीच लिहिलं होतं. तरीही त्याने राग धरला नाही. मी चित्र दाखवलं. तो म्हणाला, "खाचच काढायची न्हवं? लई सोपं हाय साहेब. च्या घेऊस्तवर हुतंय."

चहा झाला. त्यानंतर पुढचे काही महिने आम्ही पुष्कळ चहा घेतला. पहिल्या ठोकळ्यात कटर आत मोडलं आणि तिथेच राहिलं. रवळू म्हणाला, कटर चायनाचं होतं. दुसऱ्याची एक भिंत इतकी पातळ झाली की उजेड दिसायला लागला. रवळू म्हणाला, करंट खालीवर होत होता. तिसरा मशीनवर चढवलेला असताना त्याचा मेव्हणा आला, दोघं मेव्हण्याच्या जागेच्या वाटणीबद्दल बोलत बसले, आणि कटर पलीकडून बाहेर आलं. रवळू म्हणाला, मेव्हण्याचा पायगुण.

वाया गेलेले ठोकळे मी घरी आणत होतो. टायटॅनियम हा विमानात वापरायचा धातू, टाकवत नाही. अनुराधेने एक पापडाच्या कापडावर वजन म्हणून ठेवला. टायटॅनियम हलकं असल्यामुळे वाऱ्याने कापड त्याच्यासकट गच्चीवरून खाली गेलं. ते तंबाखूचे व्यापारी सन्मतीअण्णा यांच्या अंगणात पडलं, आणि अशा रीतीने सन्मतीअण्णा या प्रकरणात आले.

सन्मतीअण्णांचा स्वभाव उपयोगी आहे. त्यांना न कापणारा चाकू ही गोष्टच सोसवेना. पापड परत देताना म्हणाले, "मागल्या बाजूला बाटली उघडायचं ठेवा की. आणि एक नेलकटर. एवढा खर्च करालासा, काय तरी उपेग नको?"

"अण्णा, उपयोग नसणं हेच त्याचं मोल आहे."

"मग आमचा धाकटा भाऊ काय वाईट हाय," ते म्हणाले आणि निघाले. फाटकाजवळ थांबून त्यांनी दुसरा सल्ला दिला. तो मी ऐकायला नको होता. "कोगनोळीच्या नाक्यावरनं पलीकडं म्हाराष्ट्रात न्हेणार न्हवं? चाकू हाय म्हटल्यावर गाडी थांबिवली तर काय सांगणार? ठाण्यातनं एक कागद घिऊन ठेवा."

मी कागदावर जगणारा माणूस. ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने चाकूचा फोटो बघितला, बोटाने पात्याची लांबी मोजली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "इदक्क परवानगी बेडा री." याला परवानगी लागत नाही. मी म्हटलं, लागत नाही असं लिहून द्या. तो म्हणाला, लागत नाही त्याचा फॉर्म नाही. मी म्हटलं, मी अर्ज लिहितो, तुम्ही फक्त शिक्का मारा. कन्नडात अर्ज लिहिला. त्यात वस्तू, लांबी, कुठून कुठे, सगळं आलं. तो वाचता वाचता एका ठिकाणी थांबला. 'उद्देश' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'काहीही न कापणे.'

"मत्त याक बेकरी चाकू?" त्याने विचारलं. मग चाकू हवाय कशाला?

एवढा वेळ त्याला मी साधा माणूस वाटत होतो. त्यानंतर त्याने माझं आधार कार्ड मागितलं, घरात कोण कोण असतं ते विचारलं, आणि त्यांच्याशी पटतं का, तेही विचारलं. शेवटी शिक्का मिळाला, पण 'अर्ज पोहोचला' एवढाच. तो घेऊन मी बाहेर पडलो तेव्हा जाताना होतो त्याहून थोडा जास्त संशयित होतो.

इकडे नवरात्र लागलं आणि एका ठोकळ्यात खाच उतरली. कशी उतरली ते रवळूलाही सांगता आलं नाही. त्याने फोनवर नुसतं "या" म्हटलं. मी पळत गेलो. दोन्ही भिंती सारख्या, तळ आरशासारखा. पातं मी आधीच धार लावून आणून ठेवलं होतं. ते बसवलं, उघडलं, मिटलं. तोच आवाज आला. मला भरून आलं. रवळूलाही काही तरी झालं असावं, कारण पहिल्यांदाच त्याने चहा मागवला नाही. मी म्हटलं, कडांवरून एक शेवटचा हात फिरव, परवा नेतो.

परवा म्हणजे खंडेनवमी होती. कॅलेंडर माझ्याकडेही होतं. पण मी मेळाव्याचे दिवस मोजत होतो, तिथीचे नाही, आणि या भागात राहणाऱ्याला ही चूक शोभत नाही.

शेडमध्ये गेलो तर मशीनला झेंडूचे हार, दाराला केळीचे खुंट, आणि पाटावर पान्हे, कटर, मोजमापाची हत्यारं मांडलेली. सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, माझा चाकू उघडा ठेवलेला होता. त्याच्यावर हळद होती, कुंकू होतं, फूल होतं. शेजारी रवळूच्या आई मनुबाई स्टुलावर बसल्या होत्या.

"आई म्हटल्या, एवढं देखणं हत्यार शेडात झालंय, तर पूजेला पायजेच," रवळू अभिमानाने म्हणाला.

मी हात पुढे केला. मनुबाई म्हणाल्या, "पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाय बाबा. उद्या उत्तरपूजा झाली की न्हे."

"उद्या दुपारी मला कोल्हापुरात पोचायचंय, आई."

"मग सकाळी लौकर ये. देवी काय दुपारपातूर झोपत न्हाय."

दसऱ्याच्या सकाळी मी उजाडता उजाडता निपाणीहून निघालो आणि उद्यमबागेत हजर झालो. उत्तरपूजा झाली. मी पुन्हा हात पुढे केला. मनुबाईंनी पाटाखालून कोहळा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो काप आन् न्हे. नवं हत्यार कापल्याबिगर शेडाभाईर जायाचं न्हाय. आमच्यात तशी रीत हाय."

मी सर्व्हेअरच्या शांतपणाने त्यांना समजावलं की या चाकूने कापलं तर कोल्हापूरच्या लोकांपुढे त्याची किंमत राहणार नाही. त्या म्हणाल्या, "न कापणारं हत्यार आन् न बोलणारी सून, बघितलाईस कुठं?" मग मी दुसरं कारण काढलं. आम्ही जैन, बळी म्हणून कोहळा कापणं आम्हाला चालत नाही. हे त्यांनी मनावर घेतलं. म्हणाल्या, "तुमच्यातल्या कुणा जाणत्याला इचार मग. देवाच्या कामात मी जबरदस्ती करत न्हाय."

जाणतं म्हणजे कांताआक्का. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. आधी गुडघे झाले. मग साखर झाली. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे ते झालं. घड्याळ पुढे चाललं होतं आणि कोल्हापूर तेवढंच लांब होतं. शेवटी मनुबाईंनी मुद्दा काढला. कांताआक्का लगेच म्हणाल्या, "कोहळा न्हाय. लिंबूबी न्हाय. बळी म्हणून पिठाचं काय केलं तरी पाप तेवढंच, आक्का. आन् त्यानं काय कापलं, तर त्याला आमच्यात घरात थारा न्हाय."

"मग माझ्या देवीनं काय बघायचं?"

"ते तुमच्या देवीला इचारा. तिला माझी ना न्हाय."

"खरं हाय तुमचं," मनुबाई म्हणाल्या. "चूक ह्या बाबाची हाय."

"त्याचीच हाय," कांताआक्का म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वी ओळख झालेल्या दोन बायकांचं असं घट्ट जमलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

निकाल लागेपर्यंत निदान कुंकू तरी पुसून घ्यावं म्हणून मी चाकू हातात घेतला. पूजेतलं तेल आणि कुंकू खटक्यात शिरलं होतं, आणि मला ते सहन होईना. रुमालाचं टोक करून मी ते आतून काढायला लागलो. इथे कारणाची नोंद करतो. खटका पात्याच्या मागच्या तोंडाला टेकून पातं अडवतो. त्या तोंडावर तेलकट कुंकू असेल तर तो घसरतो. तो घसरला. पातं मिटलं. माझ्या डाव्या हाताचं बोट मध्ये होतं. आवाज मात्र तसाच बारीक आणि भरीव आला.

रक्त पाटावर पडलं. रवळू खुर्ची आणायला धावला. मनुबाई जागेवरून हलल्या नाहीत. त्यांनी पूजेच्या वाटीतली हळद मूठभर घेऊन माझ्या बोटात दाबली, वर स्वतःच्या पदराची चिंधी बांधली, आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग म्हणाल्या, "रवळ्या, कोहळा ठेव बाजूला. झालं."

"काय झालं?" फोनमधून कांताआक्कांनी विचारलं.

"काय न्हाय आक्का. देवीनं आपलं घेतलं."

माझं बोट कापलंय, हे रवळूने फोनजवळ येऊन सांगितलं. मग निकाल आला. "सुकुमारा, सोताचं बोट म्हणजे प्रमाद. पाप तर हायच, पर दुसऱ्या जीवाला न्हाय. चाकू घरी आणू नकोस तेवढा."

कोगनोळीला खरंच गाडी थांबवली. काच खाली केली तेव्हा शिपायाला दिसलं ते असं: कपाळाला कुंकू, हाताला रक्त-हळदीची चिंधी, मांडीवर मखमली पेटी. पेटीत चाकू, आणि चाकूच्या खाली एक अर्ज, ज्याच्यावर उद्देश लिहिला होता, काहीही न कापणे. त्याने अर्ज वाचला, माझ्या बोटाकडे बघितलं, पुन्हा अर्ज वाचला. मग आपल्या गाडीतून बँडेजची पट्टी आणून दिली आणि काही न बोलता हाताने जा म्हणाला. त्याने काही तरी बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

मेळावा एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होता. संध्याकाळी सोनं लुटायच्या आधी संपवायचा म्हणून सगळे घाईत होते. स्वरूपने माझा चाकू घेतला, दात बघायचं भिंग डोळ्याला लावलं आणि खाचेत बराच वेळ बघत राहिला. मग धार बघितली.

"बेळगावला केलाय?"

"उद्यमबागेत."

"मी लिहिलेलं मागे घेतो," तो म्हणाला. "आणि धार कोरी आहे. याने काही कापलेलं नाही."

मला गप्प बसता आलं असतं. पण खिशात बोट ठणकत होतं. मी हात बाहेर काढला आणि सांगितलं, की कापलंय, हे.

स्वरूप हसला नाही. त्याने भिंग खाली ठेवलं आणि स्वतःचा अंगठा पुढे केला. त्यावर पांढरी जुनी रेघ होती. शेजारच्याने तर्जनी दाखवली. सांगलीच्या एका गृहस्थांनी दोन दाखवली. "बोटं आपल्यात धरत नाहीत," स्वरूप म्हणाला. आयुष्यात प्रथमच मला एखाद्या जमातीत रीतसर घेतल्यासारखं वाटलं, आणि मी खुश झालो. ते इथे लपवत नाही.

निपाणीत उंबऱ्यावर अनुराधा आणि कांताआक्का शेजारी शेजारी उभ्या होत्या. अनुराधेने माझा हात बघितला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "बोट आत येऊ दे. ते न्हाय."

मी म्हटलं, मेळाव्यात एकाने विकत मागितलाय, देऊन टाकू? कांताआक्का म्हणाल्या, हत्यार दुसऱ्याला देणं म्हणजे हिंसादान, विकलं तरी तेच. भेट दिला तर? तेच. टाकून दिला तर? सापडेल त्याला दिल्यासारखाच. म्हणजे हा चाकू माझा होता, पण घरात ठेवायचा नव्हता, विकायचा नव्हता, द्यायचा नव्हता आणि टाकायचाही नव्हता. कांताआक्का समाधानाने म्हणाल्या, "ह्याला म्हणत्यात अपरिग्रह. जलमभर बस्तीत देवापुढं ऐकलास, आता घडला."

शेवटी ज्याने केला त्याच्याकडे ठेवला तर ते देणं होत नाही, असं ठरलं. चाकू रवळूच्या शेडमध्ये मनुबाईंच्या ताब्यात गेला. अधूनमधून मी उद्यमबागेत कामाला गेलो की वाट वाकडी करून त्याला बघून येतो. मनुबाई तो कपाटातून काढून देतात, मी उघडतो, मिटतो, आवाज ऐकतो, परत देतो. त्यांचं माझ्या हातांकडे लक्ष असतं.

यंदाच्या दसऱ्याला मुद्दाम गेलो. यंदा घाई नव्हती, मेळावा पुढे ढकलला होता. मशीनला हार, दाराला केळी, पाटावर मधोमध माझा चाकू, हळद-कुंकवाने भरलेला. उत्तरपूजा आटोपली. शेडमध्ये कुठे कोहळा दिसेना. पाटाखालीही नव्हता. मी सहज विचारलं, यंदा कोहळा नाही आणला?

"कोहळा कशाला?" मनुबाई म्हणाल्या. "ह्या हत्याराला कोहळ्याची सवय न्हाय. तुझीच वाट बघत हुतो." त्यांनी माझा डावा हात हातात घेऊन व्रण नीट बघितला, मायेने त्यावरून बोट फिरवलं, आणि मग म्हणाल्या, "ह्यो बरा हुस्तवर लई दीस गेलं असतील. यंदा उजव्या हाताचं दे."

रवळू हळदीची वाटी घेऊन बाजूला उभाच होता.